खेळात राजकारण नको म्हणतो, म्हणजे नेमकं काय नको म्हणतो आपण?

२०२३ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २२ एप्रिलला होती. दुसऱ्या दिवशी रविवारी आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल होती, आणि त्या दंगलीत जे झालं त्यावरून आमच्या ओट्यावर, घरात आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी भांडणं लागली ती अजून मिटलेली नाहीत. म्हणून हे सगळं एकदा नीट, साध्या भाषेत लिहावं म्हटलं.

झालं असं. पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या झाल्या, शंभर-दोनशेच्या जोडी झाल्या, ऊन उतरलं आणि मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या. शेजारच्या गावचा एक पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, त्याने धुळ्याकडच्या चांगल्या भारी पहिलवानाला सात-आठ मिनिटांत चीत केलं. ढोल वाजला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, फेटा बांधला, आणि इनाम घ्यायला जाताना त्याने आपला पांढरा टॉवेल दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला. त्यावर निळ्या मार्करने तीन शब्द लिहिलेले, घामाने अक्षरं जरा पसरलेली. कापूसले भाव द्या. एवढंच. घोषणा नाही, भाषण नाही, आखाड्याला एक चक्कर मारली आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

अर्ध्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या मागे बसलेले एक बाबा मात्र उठून ओरडले, "आम्ही कुस्ती देखाले उनूत, भाशन आयकाले नही!" मग त्यांच्या बाजूने अजून चार जण ओरडले, पंच कमिटीतल्या एकाने माइक घेऊन सांगितलं की यात्रेत कोणी राजकारण आणू नये, आणि त्या पोराचा चेहरा एकदम उतरला.

आता बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो, त्या साली आमच्याकडे घराघरात कापूस पडून होता. २०२२ ला क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलेला भाव परत येईल या आशेवर लोकांनी विकलाच नव्हता, आणि भाव काही चढत नव्हता. मधल्या खोलीत पार माळ्यापर्यंत कापूस रचलेला, माणसं अंगणात झोपायची, लेकरांच्या अंगाला खाज सुटलेली. जे बाबा ओरडले त्यांच्या घरातही तेच. म्हणजे टॉवेलवर लिहिलेलं त्यांना पटत नव्हतं असं अजिबात नाही.

आणि अजून एक गोष्ट, जी मला त्या दिवशी दिसलीच नाही, रात्री घरी आल्यावर डोक्यात आली. आखाड्याच्या वर वीस फुटी बॅनर लावलेला होता, त्यावर अकरा नेत्यांचे फोटो. कुस्त्या सुरू होण्याआधी प्रमुख पाहुणे पंचवीस मिनिटं बोलले, येणाऱ्या इलेक्शनबद्दलच बोलले, आणि बाबांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्याला कोणी राजकारण म्हटलं नाही.

माझा भाचा जळगावला बारावीला होता तेव्हा, त्याने रात्री जेवताना विचारलं, मामा, खेळाडूला असं करता येतं का, नियम काय आहे? आणि नेमकं त्याच दिवशी दिल्लीत विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे पहिलवान कुस्ती फेडरेशनच्या अध्यक्षांविरुद्ध पुन्हा जंतरमंतरवर येऊन बसले होते, टीव्हीवर तेच चाललं होतं. त्याला जे जे सांगितलं आणि नंतर स्वतः वाचून जे कळलं ते इथे टाकतोय.

नियमाचं आधी बघू, ते पटकन होण्यासारखं आहे. ऑलिंपिकच्या चार्टरमध्ये ५० नंबरचा नियम आहे, त्यात म्हटलंय की ऑलिंपिकच्या कुठल्याही जागेत राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार आणि निदर्शनं चालणार नाहीत. टोकियोच्या आधी, २०२१ ला, तो थोडा सैल केला, म्हणजे स्पर्धा सुरू होण्याआधी मैदानावर शांतपणे काही व्यक्त केलं तर चालेल, पण मेडल घेताना पोडियमवर नाही. तरी २०२४ ला पॅरिसमध्ये निर्वासितांच्या टीमकडून ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, खेळणारी अफगाण मुलगी मनिझा तलाश हिने पाठीवरच्या कापडावर अफगाण बायकांना मुक्त करा असं लिहून आणलं तर तिला बाद केलं. क्रिकेटमध्ये आयसीसीचं असंच आहे, कपड्यांवर, बॅटवर, बुटांवर राजकीय मेसेज परवानगीशिवाय नाही. 'परवानगीशिवाय' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाच्याचा दुसरा प्रश्न जास्त चांगला होता. बोलायचंच आहे तर घरी बोला, फेसबुकवर टाका, मैदानातच कशाला? अरे, पण त्या पोराने टॉवेलवरचे तीन शब्द घरी अंगणात धरले असते तर त्याच्या आईशिवाय कोणी वाचले असते का? त्याचं ऐकायला पाच हजार माणसं गोळा होतात ती वर्षातून एकदा, आणि त्यातही कुस्ती जिंकल्यानंतरची दोन मिनिटंच त्याची असतात. आमदाराला माइक रोज मिळतो. मैदान त्याने एवढ्याचसाठी निवडलं.

आता मेक्सिकोचं सांगतो, कारण हे नीट कळलं की बाकीचं आपोआप कळतं. १६ ऑक्टोबर १९६८, ऑलिंपिकची २०० मीटरची फायनल. अमेरिकेचा टॉमी स्मिथ पहिला आला, १९.८३ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड. दुसरा ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, २०.०६. तिसरा अमेरिकेचाच जॉन कार्लोस. स्मिथ आणि कार्लोस दोघं काळे, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झालेला. दोघं मेडल घ्यायला आले ते बूट काढून, पायात नुसते काळे मोजे, आपल्या लोकांची गरिबी दाखवायला. राष्ट्रगीत सुरू झालं तशी दोघांनी मान खाली घातली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर केली. फोटो नीट बघा, स्मिथचा उजवा हात वर आहे आणि कार्लोसचा डावा. कारण कार्लोस आपले हातमोजे विसरून आला होता, आणि एकच जोड दोघांत वाटून घ्या हे सुचवलं ते नॉर्मनने, त्या गोऱ्या ऑस्ट्रेलियन माणसाने. त्या नॉर्मनच्या छातीवरही मानवी हक्कांचा तोच बिल्ला आहे जो त्या दोघांच्या छातीवर आहे, तो त्याने अमेरिकेच्या रोइंग टीममधल्या एकाकडून मागून घेतला होता.

स्टेडियममधून लोकांनी हुर्यो केली. ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज, तो भडकला, आणि दोघांना टीममधून काढून ऑलिंपिक व्हिलेजबाहेर घालवलं. मेडल काढून घेतली असं बरेच लोक सांगतात, ते चुकीचं आहे, मेडल त्यांच्याकडेच राहिली. पण घरी गेल्यावर धमक्या आल्या, कामधंदा मिळायची मारामार झाली. नॉर्मनला १९७२ च्या ऑलिंपिकला पाठवलं नाही. २००६ ला तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले. २०१२ ला ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची माफी मागितली, म्हणजे मेल्यावर सहा वर्षांनी. त्याचा २०.०६ चा टाइम ऑस्ट्रेलियात २०२४ च्या डिसेंबरपर्यंत कोणाला मोडता आला नाही, आणि अशा धावणाऱ्याला घरी बसवलं, हे वाचताना मला अजून वाईट वाटतं.

ह्याच ब्रंडेजचं अजून एक. १९३६ ला बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तो अमेरिकेच्या ऑलिंपिक कमिटीचा प्रमुख होता, आणि तिथे जर्मन खेळाडू हात पुढे करून नाझी सलामी देत होते. त्याला त्याने काही हरकत घेतली नव्हती, कारण ती म्हणे त्यांच्या देशाची सलामी. आमच्या आखाड्यावरच्या बॅनरचं आणि टॉवेलचं तेच. वरून आलेलं राजकारण रिवाज म्हणून खपतं, आणि खालून, घामाने भिजलेल्या माणसाकडून आलं की ते डोळ्यात सलतं.

आता प्रेक्षकाकडे येऊ, कारण त्याला नुसतं मूर्ख म्हणून चालणार नाही. ते बाबा चार किलोमीटर चालत आले होते. वर्षभर शेतीत मान मोडून काम केलेलं, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, घरात न विकलेला कापूस, आणि संध्याकाळचे तीन तास असे की ज्यात फक्त ढाक, घिस्सा असले डाव आणि लाल माती. त्या तीन तासांत त्यांना कापूस विसरायचा होता, आणि त्या पोराने नेमका तोच समोर धरला. ते चिडले ते त्यामुळे, असं मला आता वाटतं. आणि दुसरं असं, की आपण ज्या खेळाडूला आपला म्हणतो त्याच्याशी आपलं सुख बांधलेलं असतं. तो जिंकला तर आपण जिंकलो म्हणतो. तो काय विचार करतो हे आपण कधी विचारलेलंच नसतं, मनातल्या मनात धरून चालतो की आपल्यासारखाच करत असेल, आणि मग तो एक दिवस वेगळं काही बोलला की घरातल्या माणसाने चारचौघांत उलट उत्तर दिल्यासारखं होतं. परक्या टीमचा खेळाडू काही बोलला तर एवढा राग येत नाही, हे तपासून बघा.

अमेरिकेतल्या कॉलिन कॅपरनिकचं असंच झालं. फुटबॉलमधला, म्हणजे त्यांच्या फुटबॉलमधला, मोठा खेळाडू. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिला, पोलिसांच्या हातून काळ्या लोकांचे जीव जातात म्हणून. लोक चिडले, सैनिकांचा अपमान म्हणाले. मग नेट बॉयर नावाचा एक माजी सैनिक त्याला भेटला, दोघं बोलले, आणि बॉयरने सुचवलं की बसण्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक आपल्या मेलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे गुडघा टेकतात. १ सप्टेंबरपासून तो गुडघा टेकायला लागला. म्हणजे सैनिकांचा मान राखायचा म्हणून केलेली गोष्ट, आणि लोकांनी पाहिली ती झेंड्याचा अपमान म्हणूनच. कोणी त्याची जर्सी जाळली, कोणी तीच जर्सी मुद्दाम विकत घेतली. २०१७ पासून त्याला कुठल्या टीमने घेतलं नाही. २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर त्याच लीगच्या प्रमुखाने कबूल केलं की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक, पण तोवर त्याची खेळायची वर्षं निघून गेलेली.

त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, की निषेध कशासाठी आहे हे चार दिवसांत मागे पडतं आणि भांडण कसा केला यावर सुरू होतं. आमच्या ग्रुपवरही दुसऱ्या दिवशी दोनशेच्या वर मेसेज आले, त्यात कापसाच्या भावावर एकही नव्हता.

क्रिकेटवर आलो की आपल्याला जास्त कळतं. २००३ चा वर्ल्ड कप, १० फेब्रुवारी, हरारे. झिम्बाब्वेचे अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा, एक गोरा एक काळा, दोघं दंडाला काळी पट्टी बांधून उतरले आणि लेखी सांगितलं की आमच्या देशात लोकशाही मेली, तिचा शोक करतोय. मुगाबेंचं राज्य होतं. ओलोंगाला देश सोडावा लागला, दोघांचंही झिम्बाब्वेकडून खेळणं त्या वर्ल्ड कपबरोबर संपलं. आपल्याकडे त्या दोघांचं कौतुकच झालं, मला आठवतं, कारण आपलं त्यात काही जात नव्हतं.

मग २०१४ ला साउदम्प्टनला आपल्याच विरुद्धच्या टेस्टमध्ये इंग्लंडच्या मोईन अलीने गाझाबद्दलचे रिस्टबँड घातले, मॅच रेफरीने काढायला लावले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाने गाझासाठीच बुटांवर सगळ्या जिवांची किंमत सारखी अशा अर्थाचं लिहिलं, आयसीसीने नाही म्हटलं, त्याने काळी पट्टी बांधली तर ताकीद दिली, कबुतराचं चित्र लावू द्या म्हणाला तर तेही नाही. शेवटी तो बुटांवर आपल्या दोन मुलींची नावं लिहून उतरला.

आता ह्याच्या शेजारी ८ मार्च २०१९ ची रांचीची मॅच ठेवा. पुलवामाला आपले जवान गेले होते, आणि आपली सगळी टीम सैन्याच्या टोप्या घालून उतरली, धोनीने वाटल्या होत्या, मॅचची फी संरक्षण निधीला दिली. मी टीव्हीसमोर होतो, डोळ्यात पाणी आलं होतं, आजही मला त्यात चूक काही वाटत नाही. पण ते राजकारण नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. पाकिस्तानने तक्रार केली, आयसीसी म्हणाली परवानगी घेतली होती, विषय संपला. तो मघाचा शब्द इथे येतो. परवानगी कोणाला मिळते आणि कोणाला नाही, सगळा खेळ तिथे आहे. २०२१ च्या वर्ल्ड कपला दुबईत पाकिस्तानविरुद्ध आपल्या टीमने गुडघा टेकला तेव्हा आपलेच लोक म्हणाले की हे अमेरिकेचं नाटक इथे कशाला, आणि त्याच रात्री मॅच हरल्यावर मोहम्मद शमीला लोकांनी इतक्या घाण शिव्या दिल्या की त्याने गुडघ्यासोबत अजून काय केलं होतं असा प्रश्न पडावा. त्याने काहीच केलं नव्हतं, बॉलिंग खराब पडली होती एवढंच. कोहली उघडपणे त्याच्या बाजूने बोलला, ते फार बरं केलं. आणि २०२५ च्या आशिया कपला पहलगामच्या हल्ल्यानंतर आपल्या खेळाडूंनी पाकिस्तानशी हात मिळवला नाही, फायनल जिंकून पाकिस्तानच्या बोर्डाचे प्रमुख नक्वी यांच्या हातून ट्रॉफी घेतली नाही, तेव्हा माझ्या ओळखीचे जे जे खेळात राजकारण नको म्हणायचे ते सगळे टाळ्या वाजवत होते. मीही.

मी इथे कोणाला खोटं पाडत नाहीये. सांगायचं एवढंच की आपल्याला राजकारण चालतं, आपलं असलं की. मग निदान तसं मोकळेपणाने म्हणावं, नियमाच्या मागे लपू नये.

हे सगळं बाहेरून आलेलं फॅड आहे असंही एक जण ग्रुपवर म्हणाला, त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं ते इथे देतो. पालवणकर बाळू हे नाव मराठी माणसाने विसरू नये. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात नेटमध्ये बॉलिंग टाकून टाकून तयार झालेला डावखुरा स्पिनर, चांभार समाजातला. त्याच्या विकेटवर मॅच जिंकायच्या आणि चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळा, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर शंभराच्या वर विकेट काढल्या, तरी हिंदू संघाचं कप्तानपद कधी दिलं नाही. १९२० ला मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत (हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे चार संघ) त्याला वगळलं तेव्हा त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम, दोघंही संघातले मुख्य बॅट्समन, निषेध करून बाहेर पडले. तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल त्याच संघाचा कप्तान झाला. आणि १९३६ ला बर्लिनमध्ये हॉकीच्या फायनलआधी ध्यानचंदच्या टीमने ड्रेसिंग रूममध्ये काँग्रेसच्या तिरंग्याला सलाम केला, इंग्रजांचा झेंडा बाहेर असताना. तारीखही बघा, १५ ऑगस्ट. मग जाऊन जर्मनीला ८-१ ने हरवलं.

त्याच वर्षाच्या शेवटी आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू झेंडा फडकवायला गेले तर तो वर अडकला, आणि शिरपूरकडचा एक तरुण सरसर खांबावर चढून तो मोकळा करून आला. १९०६ ला अथेन्सच्या स्पर्धेत आयर्लंडचा पीटर ओकॉनर मेडल मिळाल्यावर इंग्रजांचा झेंडा नको म्हणून असाच खांबावर चढला होता, हातात हिरवा आयरिश झेंडा घेऊन. फैजपूरवाल्या तरुणाचं आपण कौतुक करतो, मग ओकॉनरला शिस्त मोडणारा म्हणता येईल का?

सगळ्यात वाईट अवस्था होते ती इराणच्या टीमसारखी. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला, हिजाबवरून पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी ही तरुणी गेल्यानंतर दोन महिन्यांनी, इंग्लंडविरुद्ध ते राष्ट्रगीताला तोंड मिटून उभे राहिले. सरकार चिडलं. पुढच्या मॅचला वेल्सविरुद्ध पुटपुटल्यासारखं म्हटलं, तर स्टेडियममधल्या त्यांच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या, काही रडत होते. गायलं तरी गद्दार, नाही गायलं तरी गद्दार. अशा वेळी खेळाडूने काय करावं हे मला खरंच सांगता येत नाही, आणि घरी सोफ्यावर बसून सांगणाऱ्याने जरा दमाने घ्यावं.

जंतरमंतरवरच्या पहिलवानांनी तर मैदानात काहीच केलं नव्हतं. कुस्ती फेडरेशनच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते, त्यांनी ते नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. पण २०२३ च्या २८ मे ला त्या मुलींना रस्त्यावरून फरफटत नेताना आपण सगळ्यांनी पाहिलं, ३० मे ला त्या मेडल गंगेत सोडायला हरिद्वारला गेल्या, आणि डिसेंबरात साक्षीने बूट टेबलावर ठेवून कुस्ती सोडली. आमच्या तालमीत तिचा फोटो होता भिंतीवर. त्या मे महिन्यात तो कोणीतरी काढला, आठ दिवसांनी वस्तादांनी स्वतः परत लावला, काही बोलले नाहीत. खेळाडू जिंकतो तोवर देशाची लेक आणि बोलायला लागली की राजकारणी, हे आमच्या तालमीतल्या मुलींनी पाहिलंय, त्या अजून लंगडीच्या वयाच्या आहेत पण सगळं कळतं त्यांना.

आणि टॉवेलवाल्या पोराचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षीच्या दंगलीच्या पत्रकात खाली एक ओळ वाढली, आखाड्यात कोणी काही लिहिलेलं कापड किंवा फलक आणू नये. वर नेत्यांचे फोटो होतेच, या वेळी तेरा. पोराला निमंत्रण गेलं नाही, त्याची जोडच लावली नाही. बाबा माझ्याच शेजारी बसले होते. आदल्या वर्षीचा कापूस त्यांनी पावसाच्या तोंडाशी, मिळेल त्या भावाने देऊन टाकला होता. मोठ्या कुस्त्या सुरू झाल्या, दोन-तीन जोडी झाल्या, तसे ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "तो टावेलवाला पोऱ्या का बरं नही उना रे?"

मी सांगितलं, बोलावलंच नाही त्याला.

ते बराच वेळ बॅनरकडे बघत राहिले. मग ढोल वाजला.